शृंगस्तर आणि त्वचेची निगा

शृंगस्तर : बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर; वैद्यकात स्ट्रेटम कॉर्नियम. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी सुमारे ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर असते. तळहात व तळपायांवर तो कितीतरी पट जाड असतो. ब्युटी पार्लरच्या कामात याची ओळख 'डेड स्किन' अशी करून दिली जाते आणि ती घासून काढणे हा क्लीनअपचा पहिला धडा ठरतो. पेशी मृत आहेत हे खरे. पण थर निकामी नाही. शरीरातील पाणी आत राखणे आणि जंतू, रसायने व ॲलर्जी आणणारे पदार्थ बाहेर ठेवणे ही त्वचेची मुख्य कामे बव्हंशी हाच थर करतो. म्हणून कोणताही सौंदर्योपचार हितकर की घातक हे ठरवताना, त्यानंतर शृंगस्तर शाबूत राहिला का, हे आधी पाहावे लागते.

याचा पुरावा जुना आहे. १९४४ साली विन्सर आणि बर्च यांनी मृतदेहाच्या त्वचेवरचा हा पातळ थर सँडपेपरने घासून काढला, तेव्हा त्वचेतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. खालची जाड अंतस्त्वचा जागेवर असूनही पाणी अडवू शकली नाही. १९५२ साली आयर्विन ब्लँक यांनी वाळलेल्या, कडक झालेल्या शृंगी त्वचेचे तुकडे तेलात ठेवून पाहिले. ते मऊ पडले नाहीत. पाणी शोषल्यावर मात्र ते लवचीक झाले. त्वचा मऊ राहते ती पाण्यामुळे. तेल किंवा क्रीम ते पाणी उडून जाऊ देत नाही. ओलसर त्वचेवर मॉइश्चरायझर लावण्याचा सल्ला यातूनच निघतो. पुढे पीटर एलियास यांनी या थराची रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी मांडली : केराटिनने भरलेल्या चपट्या पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे मिश्रण हा चुना. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे घटक फिलॅग्रिन या प्रथिनापासून बनतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष असणाऱ्यांना ॲटोपिक इसब होण्याचा धोका बराच वाढतो, हे २००६मध्ये दिसून आले. म्हणजे भिंतीतला दोष केवळ कोरडेपणावर थांबत नाही. त्यातून आजार उद्भवू शकतो.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५च्या आसपास राहतो. शाडे व मार्किओनीनी यांनी १९२८मध्ये या आम्ल आवरणाची कल्पना मांडली. सिरॅमाइड तयार करणारी विकरे अशा आम्लधर्मी परिस्थितीत नीट चालतात, तर जुन्या पेशींना धरून ठेवणारे दुवे तोडणारी काही विकरे सामू वाढल्यावर जास्त जोर धरतात. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. वारंवार साबण लावल्याने ताणल्यासारखी वाटणारी त्वचा स्वच्छ झाली, असा समज होतो. प्रत्यक्षात तिच्यातला मेद निघून गेलेला असतो. तेलकट आणि मुरुमे येणाऱ्या त्वचेला तरी कडक धुण्याची गरज आहे, असा आक्षेप येतो. पण मुरूम तयार होतो केसाच्या नळीत, पृष्ठभागावरच्या तेलात नाही. त्यामुळे चेहरा दिवसातून पाच वेळा धुतल्याने नळी मोकळी होत नाही, दाह मात्र वाढतो. सौम्य क्लीन्झरने दोनदा धुणे पुरते.

याहून वजनदार आक्षेप असा की स्क्रब आणि पीलनंतर चेहरा उजळतो हे डोळ्यांना दिसते, आणि त्वचारोगतज्ज्ञही आम्ले वापरतातच. हे मान्य करायलाच हवे. तळाच्या पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, वयानुसार हा वेग मंदावतो, आणि खडबडीत झालेला पृष्ठभाग ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्लाने गुळगुळीत होऊन प्रकाश एकसारखा परावर्तित करतो. पण तज्ज्ञ आम्लाची तीव्रता, वेळ आणि त्वचेचा प्रकार पाहून थर मोजून कमी करतात व भरून यायला अवधी देतात. भारतीय त्वचेत ही सावधगिरी दुप्पट हवी. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे कण मोठे असतात आणि अधिक सक्रियपणे बनतात. त्यामुळे घासण्याने, ब्लीचने किंवा वॅक्सने झालेला थोडासा दाहही महिनोन्महिने टिकणारा काळा डाग मागे ठेवू शकतो. उजळण्यासाठी केलेल्या उपचारातून डाग येतो तो असा. रेटिनॉइड लावणाऱ्या व्यक्तीचा शृंगस्तर आधीच पातळ असतो. वॅक्स करण्यापूर्वी रेटिनॉइड लावता का, हे विचारले नाही तर त्वचा पट्टीबरोबर सोलून निघू शकते.

घरगुती म्हणजे सौम्य, हा समजही तपासून घ्यावा. लिंबाच्या रसाचा सामू २च्या आसपास असतो, खाण्याच्या सोड्याचा ८च्या वर; दोन्ही चेहऱ्यासाठी नाहीत. दिवाळीचे उटणे हलक्या हाताने लावून धुतले तर ते साबणापेक्षा सौम्य ठरू शकते, पण रगडून काढले की तेही स्क्रबच. तेलांतही फरक आहे : लिनोलेइक आम्ल भरपूर असलेले सूर्यफुलाचे तेल थर सावरायला मदत करते, तर ओलेइक आम्लप्रधान ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा अडसर सैल झाल्याचे आढळले आहे. दुसरीकडे, महागड्या क्रीममधले कोलॅजन त्वचेत शिरते हा दावाही टिकत नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू शाबूत शृंगस्तर ओलांडत नाहीत असा नियम बॉस व माइनार्डी यांनी २०००मध्ये मांडला. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो.

सर्वांत गंभीर हानी मात्र गोरेपणासाठी लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी होते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मलम थांबवताच लाली आणि पुरळ उसळते. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही असा चेहरा घेऊन ग्राहक पार्लरमध्ये येतात. पार्लरचे काम शिकणाऱ्यांनी त्यांना फेशियल, ब्लीच किंवा पील करू नये. कोणते मलम किती दिवस लावले ते विचारून नोंदवावे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.