चौल बंदरीं उतरलेला यात्रिक

चौलचें बंदर फार जुनें. ग्रीक दर्यावर्दींच्या लेखांत त्याचें नांव ‘सेमुल्ल’ असें येतें, अरबांच्या लेखांत तेंच ‘सैमूर’ होतें. इ. स. ९१६ च्या सुमारास मसूदी हा अरब इतिहासकार येथें येऊन गेला. कुंडलिकेच्या मुखाशीं वसलेल्या या नगरानें अनेक राजवटी पाहिल्या आणि नाना देशींचे व्यापारी पोसले. बहामनी सुलतानांच्या अमलांत होर्मूझहून घोडे घेऊन येणारीं गलबतें येथें लागत. अशाच एका गलबतांतून एक परदेशी मनुष्य आपला एकुलता घोडा घेऊन चौलच्या धक्क्यावर उतरला. तो रशियांतील त्वेर नगरचा व्यापारी अफानासी निकितीन होय. त्याच्या आगमनाचें साल कोणी १४६९ धरतात, तर कोणी १४७१. वास्को-द-गामा कालिकतास पोंचावयास अद्याप पाव शतकाहून अधिक अवकाश होता.

या मनुष्यानें आपल्या प्रवासाची जी वही लिहिली, तिचें नांव ‘तीन समुद्रांपलीकडील भ्रमण’ असें आहे. या नांवांतील ‘भ्रमण’ या अर्थाचा रशियन शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. जेरुसलेमच्या यात्रेस जाऊन आलेले रशियन भाविक आपल्या वृत्तांतास तोच शब्द लावीत. निकितीन कांहीं यात्रेस निघाला नव्हता. तो नफ्यासाठीं निघाला होता. तरी त्याच्या वहीस यात्रावर्णनाचें नांव कां शोभतें, हें समजून घ्यावयाचें तर त्या काळीं ख्रिस्ती माणसाची तीर्थयात्रा कशी होत असे, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पंढरीची वाट वारकरी दिंडीबरोबर चालतो. काशीस गेलेल्या यात्रेकरूस तेथील पंडा घाट दाखवितो. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र भूमींतही वाटाड्यावांचून यात्रा क्वचितच होई. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नांवाची एक धर्मनिष्ठ स्त्री युरोपच्या पश्चिम टोंकाकडून निघून सिनाई पर्वत, जेरुसलेम आणि आसपासचा प्रदेश हिंडली. जागोजागचे साधु तिला स्थळें दाखवीत. एखाद्या स्थळीं पोंचल्यावर बायबलांतील त्या स्थळाचा भाग वाचावयाचा, प्रार्थना करावयाची आणि मग पुढें जावयाचें, असा तिचा नेम होता. म्हणजे एका हातास वाटाड्या आणि दुसऱ्या हातांत ग्रंथ, हीं यात्रेचीं दोन साधनें तेव्हांपासूनच ठरून गेलीं होतीं.

रशियाचा पहिला प्रसिद्ध यात्रिक म्हणजे मठाधिपति दानियल. इ. स. ११०६ ते ११०८ च्या सुमारास तो पवित्र भूमींत सोळा महिने राहिला. संत साबा यांच्या मठांतील एक वृद्ध व बहुश्रुत साधु त्यास भेटला आणि त्यानेंच दानियलास जेरुसलेम व सारा मुलूख हिंडवून दाखविला. ख्रिस्ताच्या समाधीवर दानियलानें समस्त रशियन भूमीच्या नांवानें दीप ठेविला. आपला वृत्तांत लिहितांना त्यानें एक मार्मिक गोष्ट सांगून ठेविली आहे. घरीं राहून सत्कर्मे करणारे पुष्कळ लोक मनानेंच त्या पवित्र स्थळांस पोंचतात, आणि केवळ प्रवास केल्याच्या अभिमानानें फुगणारा यात्रिक आपल्या श्रमाचें फळ गमावितो, असा तिचा आशय आहे.

निकितीनच्या काळापर्यंत या यात्रेस मोठ्या व्यवस्थेचें रूप आलें होतें. व्हेनिसचे गलबतवाले यात्रेकरूंशीं लेखी करार करीत. प्रवासाचें भाडें, जेवण, जकाती, याफ्फा बंदरापासून पुढें गाढवांची सोय, हें सर्व एका ठरीव रकमेंत येई. पवित्र भूमींत उतरल्यावर फ्रान्सिस्कन पंथाचे साधु यात्रेकरूंस ताब्यांत घेत आणि ठरलेल्या क्रमानें स्थळें दाखवीत. उल्म शहरचा फेलिक्स फाब्री हा साधु १४८० मध्यें अशा तांड्याबरोबर गेला, तेव्हां त्यास पवित्र भूमींत अवघे नऊ दिवस मिळाले. इतक्या घाईनें कांहींच नीट पाहिलें गेलें नाहीं अशी रुखरुख लागून तो १४८३ मध्यें पुन्हां निघाला.

अशा व्यवस्थेच्या युगांत निकितीन निघाला तो कोणत्याही व्यवस्थेवांचून. शिरवानच्या शहाचा वकील मॉस्कोहून परत जात होता. त्याच्या सोबतीनें व्होल्गा नदी उतरून कास्पियन समुद्राकडे जावें, व्यापार करावा आणि परतावें, एवढाच त्याचा बेत होता. परंतु अस्त्राखानजवळ तातारांनीं त्यांना गांठून लुटलें. माल गेला, आणि मालाबरोबर रशियाहून आणलेलीं धर्मपुस्तकेंही गेलीं. लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्यांनीं शिरवानच्या शहाकडे घरीं परतण्यापुरतें साहाय्य मागितलें. पण लोक फार म्हणून त्यानें कोणासच कांहीं दिलें नाहीं. तेव्हां ते सारे रडत रडत पांगले. ज्यांचें रशियांत कांहीं होतें ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर तेथें कर्ज होतें ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीनची वाट बाकूवरून इराणांत, इराणांतून होर्मूझला आणि होर्मूझहून समुद्रमार्गें चौलला आली. हिंदुस्थानांत घोडे महाग विकतात, हें त्यास कळलें होतें. म्हणून मोठा खर्च सोसून त्यानें एक घोडा आणला होता. त्याचें सारें भांडवल त्या एका जनावरांत होतें.

चौलबद्दल त्यानें जें लिहिलें, तें एखाद्या आश्चर्यचकित पाहुण्याचें लिहिणें आहे. येथील लोक उघड्या अंगानें व उघड्या डोक्यानें वावरतात, केसांची एक वेणी घालतात, सरदार डोक्यास एक व कमरेस एक वस्त्र गुंडाळतो, या गोष्टी त्यानें टिपल्या. आणि तो जेथें जाई, तेथें लोकांचा घोळका त्याच्या मागें लागे. गोऱ्या माणसाचें त्यांस नवल वाटे. जेरुसलेमांत यात्रेकरू पाहतो आणि वाटाड्या दाखवितो. चौलमध्यें मात्र पाहणारे गांवकरी होते आणि जें पाहावयाचें तें निकितीन होता.

चौलहून तो खुष्कीनें निघाला; पालीस आठ दिवस, पालीहून उमरीस दहा दिवस आणि तेथून जुन्नरास सहा दिवस, अशी त्यानें मजल सांगितली आहे. ही पाली म्हणजे बल्लाळेश्वराची पाली असावी, असें मानतात. पाऊस सुरू झाला होता. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असें त्यानें त्या पावसाळ्याचें वर्णन केलें आहे. जुन्नरचा गड कोणी बांधला नसून देवानेंच घडविला आहे, आणि त्यावर जाणारी वाट इतकी अरुंद कीं दोन माणसें शेजारून जाऊं शकत नाहींत, असेंही तो लिहितो. शिवनेरी पाहिलेल्या मनुष्यास हें वर्णन ओळखतां येईल.

जुन्नरासच त्याच्यावर मोठा प्रसंग गुदरला. तेथील सुभेदार असदखान यानें त्याचा घोडा हिसकावून घेतला. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे असें कळतांच त्यानें पेंच घातला कीं, धर्म बदलशील तर घोडा परत मिळेल आणि वर एक हजार मोहरा. न बदलशील तर घोडा गेला आणि तुझ्याकडून एक हजार मोहरा दंड. चार दिवसांची मुदत दिली. ज्याच्याजवळ पुस्तक नाहीं, धर्मबंधु नाहीं, परतण्यास पैसा नाहीं, अशा माणसापुढें हा प्रश्न होता. मुदत भरत आली असतां खोजा महंमद नांवाचा एक खुरासानी गृहस्थ तेथें आला. निकितीननें त्याची विनवणी केली. त्यानें खानाकडे जाऊन रदबदली केली, निकितीनचें धर्मांतर टळलें आणि घोडाही परत आणून दिला. संकट आणणारा जसा मुसलमान होता, तसा सोडविणाराही मुसलमानच होता, आणि निकितीननें दोन्ही गोष्टी सरळपणें लिहून ठेविल्या आहेत. मात्र त्या प्रसंगाचा कडवटपणा त्याच्या मनांतून गेला नाहीं. हिंदुस्थानांत येऊं इच्छिणाऱ्या रशियन बांधवांनीं आपला धर्म मायदेशीं ठेवूनच निघावें, असा उपरोधिक इशारा तो देतो.

पुढें तो बहामनी राज्याची राजधानी बीदर येथें गेला. सुलतान महंमदशहा तिसरा याची ती कारकीर्द होती आणि राज्याचा गाडा महमूद गवान हांकीत होता. सुलतानाच्या स्वारीचा थाट निकितीननें डोळे भरून पाहिला. परंतु त्याच्या मनास एक निराळीच चिंता पोखरीत होती. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा सण ठराविक तारखेस येत नाहीं. तो चंद्राच्या गतीवरून मोजावा लागतो आणि त्याच्या आधींचे उपवास त्याच्याच हिशेबानें चालतात. पुस्तकें लुटलीं गेल्यामुळें हा हिशेब निकितीनच्या हातून सुटला. बुधवार-शुक्रवारचे उपवास कोणते, नाताळ केव्हां, ईस्टर केव्हां, हें त्यास निश्चित कळेना. ज्याच्या घरांतील पंचांग हरवलें आणि ज्याला एकादशी कोणती हें विचारावयास शेजारी नाहीं, अशा माणसाची कल्पना केली म्हणजे ही व्यथा ध्यानांत येईल. तो आकाशाकडे पाहूं लागला. कृत्तिका आणि मृग पहाटेंत शिरले, सप्तर्षि पूर्वेकडे डोकें करून उभे राहिले, अशा खुणांवरून ईस्टरची रात्र आल्याचें त्यानें ताडलें. मुसलमानांचे उपवास चालू असतां त्यानें त्यांच्याबरोबर उपवास केले. पण प्रार्थना आपल्याच देवाची केली.

बीदरास त्यानें अनेक हिंदूंशीं ओळख केली. मुसलमानी मुलखांत तो खोजा युसूफ खुरासानी या नांवानें वावरत असे. परंतु या हिंदूंना त्यानें आपलें खरें नांव आणि खरा धर्म सांगितला. त्यानंतर त्यांनीं त्याच्यापासून कांहीं चोरून ठेविलें नाहीं. जेवण, व्यापार, पूजा, घरांतील बायका, कशाचाच पडदा राहिला नाहीं. येथें चौऱ्यायशीं पंथ आहेत आणि एका पंथाचा मनुष्य दुसऱ्या पंथाच्या माणसाबरोबर अन्नपाणी किंवा सोयरीक करीत नाहीं, ही त्यानें केलेली नोंद या सलगींतूनच आली असली पाहिजे.

याच मित्रांबरोबर तो शिवरात्रीस पर्वतावर गेला. त्याचा हा ‘पर्वत’ म्हणजे श्रीशैल होय. मल्लिकार्जुनाचें तें ज्योतिर्लिंग महाराष्ट्रांतील भाविकांच्याही परिचयाचें आहे. बीदरहून तेथें जाण्यास महिना लागतो आणि यात्रा पांच दिवस भरते, असें तो सांगतो. देवालयाचा विस्तार त्यानें आपल्या गांवाच्या मापानें मोजला: अर्ध्या त्वेर नगराएवढा. यात्रेकरू मुंडन करतात, कर भरतात, समोरच्या मोठ्या काळ्या नंदीवर फुलें वाहतात, हें सारें त्यानें पाहिलें. एका मूर्तीचा उंच उगारलेला हात पाहून त्यास कॉन्स्टंटिनोपलमधील सम्राट जस्टिनियनाच्या पुतळ्याची आठवण झाली. आणि मग त्यानें या स्थळाचा अर्थ एका वाक्यांत लावला. मुसलमानांस जशी मक्का, आपल्या लोकांस जसें जेरुसलेम, तसा या लोकांस हा पर्वत, असा त्याचा भाव आहे.

ही तुलना सहज सुचलेली दिसते. पण तिची किंमत मोठी आहे. ख्रिस्ती यात्रिकाच्या दृष्टीनें जेरुसलेम हें जगाचें मध्य. तें नांव अन्य धर्मीयांच्या देवस्थानास देणें म्हणजे त्यांच्या भक्तीस आपल्या भक्तीच्या पंक्तीस बसविणें होय. निकितीननें यासाठीं आपला धर्म सोडला नव्हता. उलट, धर्म सोडून अभय मिळविण्याची संधि त्यानें जुन्नरास नाकारली होती. स्वतःचें जेरुसलेम ज्यानें इतक्या कष्टानें मनांत जपलें, त्यालाच दुसऱ्याचें जेरुसलेम ओळखतां आलें. खरा धर्म कोणता हें देवच जाणतो. एका देवास जाणावें आणि शुद्ध ठिकाणीं शुद्धपणें त्याचें नांव घ्यावें, अशा आशयाचा विचार त्याच्या वहींत उमटला आहे. ग्रंथ आणि वाटाड्या हीं दोन्ही साधनें हरपल्यावर जें उरलें, तें त्यानें येथें सांगितलें आहे.

परततांना तो दाभोळ बंदरीं जहाजावर चढला. वारा प्रतिकूल झाल्यानें जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे भरकटलें. तेथून मस्कत, होर्मूझ आणि इराण करीत तो काळ्या समुद्रावर ट्रेबिझोंदला पोंचला व पुढें क्रिमियांतील काफ्फा येथें उतरला. जेरुसलेमची वाट त्यास कोठेंच लागली नाहीं. घरही लागलें नाहीं. स्मोलेन्स्कला पोंचण्यापूर्वींच वाटेंत त्याचा अंत झाला. त्याच्या हस्ताक्षरांतील वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस वासिली मामिरेव या दरबारी लेखनिकाकडे आणल्या, आणि १४७५ च्या बखरींत त्यांची नोंद झाली. पुढें तीन शतकांहून अधिक काळ त्या दृष्टीआड राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासकार करमझिन यानें त्या उजेडांत आणल्या, आणि १८५७ मध्यें लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीनें त्यांचें इंग्रजी भाषांतर छापलें.

निकितीननंतर चौलचें रूप पालटलें. १५०५ पासून पोर्तुगीजांचीं जहाजें येऊं लागलीं, १५२१ मध्यें किल्ल्याचें काम सुरू झालें, कोटाच्या आंत मठ व देवळें उभीं राहिलीं. ज्या किनाऱ्यावर निकितीनला ईस्टरची तिथि सांगणारा कोणी भेटला नसता, तेथें तिची घंटा वाजूं लागली. १७४० मध्यें हें ठाणें मराठ्यांकडे आलें. तिकडे पवित्र भूमीची यात्राही पालटली. १८६९ मध्यें थॉमस कुक यानें आगबोटीच्या सोयीनें आपली पहिली मंडळी पॅलेस्टाइनला नेली, आणि व्हेनिसच्या करारांची परंपरा नव्या रूपानें सुरू झाली.

रेवदंड्याच्या कोटांत आज त्या देवळांच्या भिंती माडांच्या सावलींत उभ्या आहेत. गांवांतील एका शाळेच्या आवारांत निकितीनचा स्मृतिस्तंभ आहे. त्याच्या अंगणांतून मुलें रोज ये-जा करतात. महाशिवरात्रीस चौलच्या रामेश्वराला गर्दी होते. त्या गर्दींत आज एखादा परदेशी पाहुणा उभा राहिला, तर त्या दिवसाचा अर्थ त्यास सांगावयास शेजारीं कोणीतरी असेल. निकितीनला तो स्वतःच शोधावा लागला होता.