न्हावी म्हणजे न्हाऊ घालणारा

पानिपत शहरापासून थोड्या अंतरावर काला अंब आहे. सदाशिवरावभाऊंच्या लढण्याशी परंपरेनं जोडलेली ही जागा. इथल्या आंब्याखाली इतकं रक्त सांडलं की झाड काळं पडलं, अशी आख्यायिका आहे. 14 जानेवारी 1761 ची लढाई आपण मागे सविस्तर पाहिली. आज मी तुम्हाला इथून वेगळ्याच वाटेनं नेणार आहे. विषय आहे डोक्यावरचे केस, ते धुणारे हात, आणि आपल्या डोक्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेवर सोबत होत्या. त्या वाचल्या आणि पुण्याला परतल्या. पण भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलंच नाही. त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. ही गोष्ट आपण पतिनिष्ठेची म्हणून ऐकतो. जरा दुसऱ्या बाजूनं पाहा. ब्राह्मण घरात नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं, आणि आयुष्यभर होत राहायचं. पार्वतीबाईंचे केस राहिले, कारण त्या पेशव्यांच्या घरातल्या होत्या आणि ‘भाऊ जिवंत आहेत’ या शब्दाला तिथे वजन होतं. पानिपतानंतर ज्या शेकडो घरांत चुडा फुटला, तिथल्या बायकांना असं म्हणायची सोय कुठे होती?

हे काम कुणाकडून करवून घेतलं जायचं? न्हाव्याकडून. आणि इथेच एक शब्द आपल्याला थांबवतो. न्हावी या शब्दाचं मूळ संस्कृत ‘स्ना’ धातूत, म्हणजे न्हाण्यात आहे. पालीत ‘नहापित’ म्हणजे न्हावी. ज्याला आपण कापणारा समजतो, तो नावानं न्हाऊ घालणारा आहे! दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात एक सुंदर दृष्टान्त येतो. न्हाऊ घालणारा कुशल माणूस काशाच्या ताटात स्नानाचं चूर्ण घेतो, पाणी शिंपडत मळतो. गोळा आतून-बाहेरून भिजतो, पण गळत नाही. ध्यानात मन कसं भरून जातं हे सांगायला या कारागिराचा हात निवडला गेला. बुद्धांच्या संघात विनयाचे सर्वांत मोठे जाणकार मानले गेलेले उपाली हेही न्हावीच. नाभिक समाजाचा इतिहास सांगताना आपण जिवा महाला आणि शिवा काशीद यांच्या शौर्याशी थांबतो. त्या धंद्यातल्या कसबाबद्दल फारसं बोलत नाही.

हेच कसब साता समुद्रापार गेलं. पानिपतच्या दोन वर्षं आधी, 1759 साली, पाटण्यात शेख दीन महंमद जन्मला. कंपनीच्या फौजेत राहून तो आयर्लंडला गेला, पुढे लंडनला, आणि मग ब्रायटनच्या समुद्रकाठी त्यानं वाफेचं स्नान आणि मालिश देणारं स्नानगृह चालवलं. राजा चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांच्या सेवेत त्याची नेमणूक झाली. ‘शॅम्पू’ हा शब्द हिंदुस्थानीतल्या ‘चांपना’वरून, म्हणजे दाबण्यावरून आलेला. आपलं ‘चेपणं’ अर्थानं त्याच्या शेजारचंच. सुरुवातीला इंग्रजीतही शॅम्पू म्हणजे मालिशच. केस धुणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. बाटली तर फार नंतर आली. तोवर आपल्याकडे शिकेकाई आणि रिठा होताच.

आता परत महाराष्ट्रात येऊ. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांचा प्रश्न हाती घेतला होता. 1890 साली मुंबईत त्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली. शेकडो जण जमले आणि ठरलं की विधवांच्या डोक्याला आपण वस्तरा लावणार नाही. मंडळी, यात काय पणाला होतं ते लक्षात घ्या. बलुत्यावर, गिऱ्हाइकावर पोट असलेली ही माणसं. ज्यांना नकार द्यायचा, तीच घरं वरचढ. तरी ते म्हणाले की तिची इच्छा नाही, तर आमचा हात चालणार नाही. लोखंड्यांना आपण कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखतो. मला हा त्यांचा फार मोठा संप वाटतो, कारण तो मजुरीसाठी नव्हता, दुसऱ्याच्या डोक्यासाठी होता.

आज सलूनमध्ये आपण खुर्चीत मागे रेलतो, मान बेसिनच्या कडेवर टेकवतो आणि डोळे मिटतो. इतका विश्वास आपण क्वचितच कुणावर टाकतो. पण त्यातही धोका आहे. 1993 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पाच बायकांची नोंद आली. बेसिनवर मान फार मागे वाकल्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहावर परिणाम होऊन त्यांना त्रास झाला होता. असं क्वचितच घडतं, पण ते टाळणं सोपं आहे.

म्हणून चांगला कारागीर आधी विचारतो: मान दुखते का, चक्कर येते का, डोक्याला जखम किंवा कशाची ॲलर्जी आहे का? मानेखाली टॉवेलची घडी ठेवतो आणि मान ताणत नाही. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर पाहतो. कपाळाशी आडवा हात धरून डोळे-कान सांभाळतो. नखांनी खरवडत नाही, बोटांच्या पेरांनी चोळतो. फेस पूर्ण निघेपर्यंत धुतो, आणि शेवटी गिऱ्हाइकाला सावकाश उठवतो. टॉवेल दर वेळी धुतलेला. आणि त्याच्या हातांचंही पाहा: दिवसभर पाणी आणि साबणात राहून कातडी फाटते, इसब होतो. हातमोजे मागणं हे नखरे नव्हेत. मालकानं ते द्यायलाच हवेत.

विचारणं, आणि नको म्हटलं तर थांबणं, हे या धंद्याचं पहिलं कसब. 1890 च्या त्या सभेनं ते सगळ्या महाराष्ट्राला शिकवलं. पुढच्या वेळी कुणी तुमचं डोकं धुताना ‘मान ठीक आहे ना?’ असं विचारलं, तर नुसतं ‘हं’ म्हणू नका. नीट उत्तर द्या, आणि जाताना त्याला धन्यवाद म्हणा.