कवडी

कवडी हा मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील, सायप्रीइडी कुलात मोडणारा गोगलगायीसारखा समुद्री प्राणी आहे. सारीपाटाच्या डावात फाशांऐवजी टाकले जाणारे आणि तुळजाभवानीच्या भक्तांच्या माळेत ओवलेले जे कवच मराठीत याच नावाने ओळखले जाते, ते या प्राण्याच्या मृत्यूनंतर मागे उरलेले आवरण होय. या कुलात सुमारे २५० जाती असून बहुतेक उष्ण समुद्रांत, प्रवाळभित्तींत व खडकाळ किनाऱ्यांवर आढळतात. पूर्वी चलन म्हणून वापरली गेलेली पिवळसर कवडी (मोनेटॅरिया मोनेटा) साधारणतः २ ते ३ सेंमी. लांब असते, तर ठिपकेदार व्याघ्र कवडी (सायप्रीआ टायग्रिस) १० सेंमी.पेक्षाही मोठी होऊ शकते. या दोन्ही जातींना वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये नावे दिली. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींत या दोन्ही जाती आढळतात.

शरीररचना : कवचाच्या तळाला लांबट फट असून तिच्या दोन्ही कडांवर दात्यांची रांग असते. या फटीतून रुंद, सपाट स्नायुमय पाय बाहेर येतो व त्यावर प्राणी सरकतो. डोक्यावर दोन संस्पर्शक, म्हणजे स्पर्श जाणणाऱ्या बारीक शुंडिका असतात आणि प्रत्येकीच्या बुडाशी एक डोळा असतो. पुढच्या टोकाकडील निनाल या नळीसारख्या घडीतून पाणी आत येऊन कल्ल्यापर्यंत पोहोचते. प्रावार, म्हणजे कवच तयार करणारी मांसल त्वचा, दोन पाळ्यांच्या रूपाने दोन्ही बाजूंनी वर चढून कवच झाकते व त्यावर चकाकीचा थर चढवीत राहते. म्हणूनच कवडीला पॉलिश केल्यासारखी झळाळी असते. पाळ्या जेथे मिळतात तेथे पुष्कळ जातींच्या पाठीवर फिकट रेघ दिसते. प्रावारावरील बारीक अंकुर प्राण्याला परिसरात मिसळून जाण्यास मदत करतात.

वाढ : कोवळ्या कवडीचे कवच पातळ असते व त्यावर वेटोळे स्पष्ट दिसते. प्रौढावस्थेत बाहेरचा ओठ आत वळतो, त्यावर दाते उमटतात व लांबी वाढणे थांबते. त्यानंतर कवच फक्त जाड होत जाते.

वर्तन : बहुतेक जाती दिवसा दगडांच्या खाली किंवा कपारींत दडून राहतात व रात्री शैवाल किंवा स्पंज खरवडून खातात, त्यासाठी रेत्रिका, म्हणजे सूक्ष्म दातांची फितीसारखी जीभ, उपयोगी पडते. स्पर्श होताच प्रावार आक्रसून आत जातो आणि लपलेले चकचकीत कवच एकदम उघडे पडते. नर व मादी वेगवेगळे असतात. मादी अंड्यांचा पुंजका दगडाला चिकटवून बहुधा अंडी फुटेपर्यंत त्यावर पाय पसरून बसते. बहुतेक जातींत अंड्यांतून पोहणारे डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतील जीव, बाहेर पडून प्रवाहाबरोबर दूर जातात.

निरीक्षण : मोठ्या ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत, शक्यतो रात्री, मंद उजेडात आणि प्राण्याला हात न लावता निरीक्षण केल्यास प्रावार पूर्ण पसरलेला पाहता येतो. काचेच्या मत्स्यपेटीत कवडी काचेवर चढली, तर पायाच्या लाटांसारख्या हालचाली व रेत्रिकेचे खरवडणे तळाच्या बाजूने दिसते. उचललेला दगड पूर्वीसारखाच ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण उलटा राहिलेला दगड उन्हात तापला की त्याच्या खालच्या बाजूची अंडी व त्यावर वाढलेले स्पंज मरतात.