शिलकेचा वाद

वर्षअखेर सरकारी खजिन्यात शिल्लक उरली म्हणजे प्रजा सुखी, हा समज विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानच्या राज्यकर्त्यांच्या ठायी इतका दृढ होता की, १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी मुलूखच्या मुलूख होरपळून निघाले असतानाही अंदाजपत्रकातील वाढाव्याच्या आधारे देशाच्या भरभराटीची ग्वाही दिली जात असे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, लॉर्ड कर्झन यांच्या समक्ष, गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलातील आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणात या समजाचे मूळच उखडले.

रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेस धाडावयाच्या रकमांची तोंडमिळवणी करण्यासाठी रयतेवर करांचा बोजा वाढविण्यात आला. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावून ती निकड सरली, तरी वाढीव वसूल चालूच राहिला. तेव्हा ही शिल्लक समृद्धीची नव्हे, तर अधिक वसुलीची खूण होय, असे गोखल्यांचे प्रतिपादन होते. आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या व्यासंगी शिक्षकाच्या साह्याने त्यांनी ते सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले.

मिठाचेच पाहा. १८८८ पासून मिठावर मणी अडीच रुपये कर होता, म्हणजे शेरामागे एक आणा. मीठ तयार करण्याच्या खर्चाच्या हे कितीतरी पट. सावकाराच्या घरी आणि शेतमजुराच्या झोपडीत मीठ सारखेच लागते. परंतु तोच आणा एकाच्या हिशेबात दिसतही नाही आणि दुसऱ्याच्या भाकरीतला घास कमी करतो.

सरकारपक्षाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पावसाच्या लहरीवर ज्याचा वसूल अवलंबून, त्या राज्याने हात राखून खर्च करावा आणि कर्ज फेडून आपली पत सांभाळावी, हे शहाणपणाचेच. पण हिंदुस्थानच्या कर्जाचा मोठा भाग रेल्वे आणि कालवे यांत गुंतलेला, म्हणजे उत्पन्न देणारा होता. उरलेले कर्ज इतर राष्ट्रांच्या मानाने अल्प होते. ते फेडण्यासाठी वा रेल्वे बांधण्यासाठी आजच्या गरिबाच्या करातून उरलेला पैसा न वेचता तो प्राथमिक शिक्षण आणि आरोग्य यांकडे वळवावा, हा आग्रह गोखल्यांनी पुढे वर्षानुवर्षे धरला.

मिठावरील कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. प्राप्तिकराच्या माफीची मर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. मात्र गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. युक्तिवादाने कर उतरविता आला. वसूल झालेला पैसा कशावर खर्चावा हे ठरविण्यासाठी केवळ युक्तिवाद पुरत नव्हता, तेथे प्रजेच्या प्रतिनिधींचे बहुमतच हवे होते. म्हणूनच जमाखर्चाच्या या वादाची पुढची पायरी स्वराज्याची मागणी हीच असणे अपरिहार्य होते.