नायट्रसचे सिलिंडर: शस्त्रक्रियागृहापासून मोटारीच्या डिकीपर्यंत

मोटारीचे इंजिन किती जोर देणार हे पेट्रोलपेक्षा हवेवर जास्त अवलंबून असते. पेट्रोल हवे तितके सोडता येते; ते जाळायला लागणारा ऑक्सिजन मात्र प्रत्येक फेरीत आत ओढल्या जाणाऱ्या हवेतूनच मिळतो आणि वजनाच्या हिशेबाने हवेत तो जेमतेम २३ टक्के असतो. इंजिन न बदलता हा ऑक्सिजन वाढवण्याचे जे उपाय निघाले, त्यांतला सर्वांत आटोपशीर उपाय नायट्रस ऑक्साइडचा. या वायूत वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो. एक सिलिंडर, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, थोडी नळी आणि एक बटण एवढ्या सामानावर कंपनीतून जशी आली तशी असलेली मोटार काही सेकंदांपुरती वेगळीच धावू लागते. या सामानाचा उगम अमेरिकेतल्या शर्यतींत झाला असला, तरी भारतात त्याच्या वापराच्या मर्यादा ज्या कायद्याने आखल्या, त्याचा कारभार नागपूरहून चालतो.

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ मध्ये हा वायू पहिल्यांदा तयार केला. हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये ब्रिस्टलला तो स्वतः हुंगून पाहिला आणि पुढच्या वर्षी त्यावर ग्रंथ लिहिला. हुंगणाऱ्याला हसू फुटते म्हणून त्याला ‘लाफिंग गॅस’ हे नाव पडले आणि काही दशके तो जत्रांमध्ये करमणुकीची वस्तू होऊन राहिला. १८४४ मध्ये हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स याने हा वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला आणि पुढे तो भूलशास्त्रात रुजला. भारतातही या वायूचा मुख्य ग्राहक रुग्णालय हाच राहिला. शस्त्रक्रियागृहातल्या भुलीच्या यंत्राला लावलेला निळा सिलिंडर नायट्रसचा. ऑक्सिजनचा काळा आणि खांद्याशी पांढरा. रंग पाहण्यात चूक झाली तरी जोडणीत चूक होऊ नये म्हणून प्रत्येक वायूच्या लहान सिलिंडरच्या तोंडावर ठरावीक जागी दोन भोके असतात. यंत्रावरच्या दोन खुंट्या त्या भोकांत बसल्या तरच सिलिंडर लागतो.

इंजिनाशी या वायूचा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धात. आठ-नऊ किलोमीटर उंचीवर हवा विरळ होते आणि पिस्टन इंजिनाचे विमान धापा टाकू लागते. जर्मनीत ओटो लुट्झ याच्या संशोधनातून ‘जीएम-१’ नावाची योजना तयार झाली. टाकीतला द्रवरूप नायट्रस इंजिनात सोडायचा आणि उंचीवर गमावलेली शक्ती भरून काढायची, अशी ती योजना होती. मेसरश्मिट १०९ च्या काही प्रकारांत, युंकर्स ८८ एस या बॉम्बफेकी विमानात आणि युद्धाच्या शेवटी टाँक १५२ एच मध्ये ती बसवली गेली. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये मॉस्किटो या रात्रीच्या लढाऊ विमानांवर असा प्रयोग केला. युद्ध संपता संपता जेट इंजिने आली आणि विमानांना या युक्तीची गरज उरली नाही.

युक्ती मेली नाही. ती जमिनीवर उतरली. अमेरिकेत सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यतींना आणि दुकानातल्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या ‘स्टॉक कार’ शर्यतींना १९५० नंतर मोठा प्रेक्षक मिळाला. स्टॉक कार शर्यतीत इंजिनाच्या आकारावर बंधने होती, त्यामुळे लपवता येईल अशा जोराला किंमत आली. १९७६ च्या फेब्रुवारीत डेटोना ५०० या शर्यतीच्या पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरलेले ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या मोटारींत नायट्रसची व्यवस्था सापडली. दोघांच्याही वेळा रद्द झाल्या आणि पहिल्या जागेचा मान रॅमो स्टॉटला मिळाला. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियात माइक थर्मॉस आणि डेल वाझनेयन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. चोरून बसवायची वस्तू खोक्यात भरून, सूचनापत्रासह विकली जाऊ लागली. कंपनीच्या नावाची आद्याक्षरे ‘एनओएस’ पुढे या साऱ्या साहित्याचेच नाव होऊन बसली. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटाने ते नाव जगभरच्या तरुणांच्या तोंडी बसवले.

या साहित्याची रचना साधी आहे. डिकीत साधारण साडेचार किलो नायट्रस मावणारा सिलिंडर आडवा बसवतात. तिथून निघालेली नळी इंजिनापाशी एका सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत येते. दुसरा सोलेनॉइड जादा पेट्रोलसाठी असतो. दोहोंच्या पुढे बारीक भोकाचे पितळी जेट असतात. किती अश्वशक्ती वाढणार हे या भोकांच्या मापावर ठरते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला तरच प्रवाह सुरू व्हावा म्हणून थ्रॉटलला एक स्विच जोडलेला असतो. नायट्रस आणि पेट्रोल एकाच नोझलमधून सोडणाऱ्या रचनेला ‘वेट’ म्हणतात. फक्त नायट्रस सोडून पेट्रोल मूळ इंजेक्टरकडून वाढवून घेणाऱ्या रचनेला ‘ड्राय’.

आत गेलेला नायट्रस दोन कामे करतो. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता शोषतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे आत येणारी हवा थंड आणि दाट होते. मग ज्वलनकक्षातल्या तापमानात, ३०० अंशांच्या आसपास, त्याचा रेणू फुटू लागतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. नायट्रस स्वतः जळत नाही. तो जाळायला मदत करतो. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रस मात्र साडेनऊ किलोच पुरतो. पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही तर मिश्रण ‘लीन’ होते, तापमान भडकते आणि पिस्टनचा माथा वितळतो. ठिणगी वेळेआधी पडली तर नॉकिंग सुरू होऊन हेड गॅस्केट जाते. म्हणूनच मूळ इंजिनावर २५ ते ७५ अश्वशक्तींच्या ‘शॉट’पर्यंत थांबावे, दर ५० अश्वशक्तीमागे इग्निशन सुमारे दोन अंश मागे घ्यावे आणि थंड प्रकारचे स्पार्क प्लग लावावेत, हा जाणत्या मिस्त्रींचा दंडक झाला. ८० अश्वशक्तींच्या छोट्या भारतीय मोटारीला ५० चा शॉट म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ होते. एवढ्या शॉटला एक भरलेला सिलिंडर एकूण तीन-चार मिनिटे पुरतो.

भारतात मात्र इंजिनाच्या आधी सिलिंडरचा प्रश्न येतो. ब्रिटिश सरकारने १८८४ मध्ये स्फोटके कायदा केला आणि १८९८ मध्ये त्याच्या अंमलासाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. २८ सप्टेंबर १९३८ च्या अधिसूचनेने धातूच्या पात्रात दाबून किंवा द्रवरूपात भरलेला वायू या कायद्यापुरता ‘स्फोटक’ मानला गेला. वायू ज्वालाग्राही आहे की नाही, याचा तिथे प्रश्न नव्हता. दाबाखालची बंद टाकी हाच धोका धरला होता. त्यातून १९४० चे गॅस सिलिंडर नियम आले आणि पुढे १९८१, २००४ व २०१६ मध्ये ते नव्याने केले गेले. हे नियम राबवणारे खाते आज ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था, या नावाने ओळखले जाते. त्याचे मुख्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवरील सीजीओ संकुलात आहे. शहराबाहेर गोंडखैरीला त्याचे चाचणी केंद्र आहे. सिलिंडरच्या बनावटीला मंजुरी, तो भरण्याचा परवाना, ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली चाचणी आणि परदेशी सिलिंडरच्या आयातीला परवानगी, ही सारी कामे या नियमांखाली येतात. त्यामुळे अमेरिकेतून किट मागवले तरी त्यातला सिलिंडर इथे आणणे आणि भरून घेणे ही वेगळीच वाट ठरते.

या वायूच्या कच्च्या मालाचाही विदर्भाशी निकटचा संबंध आहे. अमोनियम नायट्रेट सुमारे २५० अंशांपर्यंत जपून तापवले की नायट्रस ऑक्साइड आणि पाणी मिळते. हेच अमोनियम नायट्रेट कोळसा खाणींत सुरुंगांसाठी लागते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आणि बाजारगाव परिसरात स्फोटकांचे कारखाने असल्याने त्याची मोठी उलाढाल या भागात होते. २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांमुळे त्याची साठवण आणि वाहतूकही पेसोच्या देखरेखीखाली आली.

नागपूरच्या उन्हाळ्याने या साहित्यापुढे आणखी एक अडचण उभी केली. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू अशा दोन रूपांत असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर चढतो: शून्य अंशाला सुमारे ३१ बार, २० ला ५१, ३० ला ६३. द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापकाचा काटा हलत नाही, म्हणून रुग्णालयात उरलेला नायट्रस दाबावरून नव्हे, तर सिलिंडरच्या वजनावरून ओळखतात. ३६.४ अंश हे त्याचे क्रांतिक तापमान आहे. त्यापुढे कितीही दाब दिला तरी तो द्रव राहत नाही. मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या शहरात उन्हात उभ्या मोटारीची डिकी ही मर्यादा सकाळीच ओलांडते. दाब झपाट्याने चढतो आणि तो ठरल्यापेक्षा जास्त झाला की सुरक्षेची चकती फुटून सारा वायू बाहेर जातो. तसे झाले नाही तरी जेटचे माप ज्या दाबाला जुळवलेले असते तो दाब उरत नाही, म्हणून मिश्रणाचे प्रमाण बिघडते. थंड देशांत या सिलिंडरला गरम ठेवणारे विजेचे वेष्टन विकतात. नागपुरात उन्हाळ्याचे आठ-दहा आठवडे उलट तो थंड कसा ठेवायचा हा प्रश्न असतो. भूलशास्त्राने ही अडचण आधीच ओळखली होती. समशीतोष्ण देशांत सिलिंडरमध्ये मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या ०.७५ पट नायट्रस भरतात, तर उष्ण देशांत ०.६७ पटच.

वायूच्या टाकीवर चालणाऱ्या मोटारी भारतीय रस्त्यांवर आल्या त्या कायद्यात जागा करून घेऊन. घरगुती सिलिंडर डिकीत ठेवून मोटार चालवण्याचा प्रकार बोकाळल्यावर २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि एलपीजीला वाहनाचे इंधन म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी मंजूर किट, पेसोने मान्य केलेली टाकी आणि आरसी बुकात नोंद आवश्यक ठरली. त्याच दुरुस्तीने कलम ५२ कडक झाले: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्यापुरती सूट मात्र दिली गेली. नायट्रस हे इंधन नसल्याने त्या सवलतीत बसत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कसोशीने लावले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

त्यामुळे महाराष्ट्रात जोर वाढवलेल्या मोटारींची रीतसर जागा बंद धावपट्टी हीच राहिली. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती भरल्या त्या अशाच. नागपूरहून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तो वेग आजची साधी छोटी मोटारही मूळ इंजिनावर गाठते. रस्त्यावरच्या मोटारीला नायट्रसची गरज नाही आणि कायद्याची मुभाही नाही. शर्यतीत तो वापरायचा असेल, तर इंजिनाला हात घालण्याआधी सिलिंडर मंजूर बनावटीचा आहे का, त्याच्या चाचणीची मुदत उरली आहे का आणि तो सावलीत ठेवला आहे का, हे पाहावे.