उपासनामंदिरातून परळकडे

मालाड-बोरिवलीकडून चर्नी रोड स्थानकावर उतरणाऱ्या मंडळींच्या तोंडी 'प्रार्थना समाज' हे गिरगावातील एका नाक्याचे नाव होऊन बसले आहे. वस्तुतः हे नाव १८६७ साली स्थापन झालेल्या एका उपासक मंडळाचे होय. त्या मंडळाचे प्रचारक म्हणून १९०३ साली विठ्ठल रामजी शिंदे मुंबईस आले, याची आठवण मात्र फार थोड्यांस असते.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे वारकरी वळणाच्या मराठा घराण्यात झाला. बी. ए. झाल्यावर वकिलीचा मार्ग मोकळा होता. तो सोडून त्यांनी युनिटेरियन मंडळाच्या साहाय्याने ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे धर्माचे तौलनिक अध्ययन केले. विलायतेहून परतलेल्या अशा विद्वानाने रविवारची उपासना चालवावी, प्रसंगी व्याख्यान द्यावे, याहून अधिक अपेक्षा कोणी केली नसती. परंतु १९०५ साली नगरजवळ भिंगार येथे अस्पृश्य मानलेल्या बांधवांची रात्री सभा भरली, तीत ते गेले, आणि त्यांचे जीवित पालटले.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे शाळा उघडून 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी'चे कार्य सुरू झाले. शेट दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभास १००० रुपये दिले. न्यायमूर्ती चंदावरकर अध्यक्ष, शिंदे चिटणीस. पैसा, पुढारी व सभा या गोष्टी मुंबईस दुर्मिळ नव्हत्या. दुर्मिळ होते ते घरच्या माणसांचे येणे. शिंद्यांच्या भगिनी जनाक्का यांनी या कार्यास वाहून घेतले, आणि ज्यांची सावलीही टाळावी असे शेजारपाजार मानी, त्यांच्या मुलाबाळांत त्या वावरू लागल्या.

१९१० साली प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सुटले. पुढे १९१७ साली काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागे शिंद्यांची खटपट होती. १९१८ च्या मुंबईच्या परिषदेत लोकमान्य टिळकांचे भाषण गाजले. मात्र स्वतः अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर त्यांची सही झाली नाही. भाषण आणि सही यांतील हे अंतर शिंदे जन्मभर तुडवीत होते.

ज्यांच्यासाठी हे सारे चालले, त्यांच्यातून स्वतंत्र नेतृत्व उभे राहिले, आणि राजकीय हक्कांच्या प्रश्नावर त्याचे शिंद्यांशी पटेना. १९२३ साली शिंद्यांनी मंडळीची सूत्रे सोडली. स्वतः लावलेल्या रोपाची सावली दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. त्यांच्या चरित्रातील हे पान परळच्या शाळेहून कमी मोलाचे नाही. काम मात्र सुटले नाही. १९२९ च्या पुण्याच्या पर्वती सत्याग्रहात ते होते, आणि १९३० साली कायदेभंगापायी येरवड्यास गेले.

२ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. सनातन्यांना ते परके, नव्या पुढाऱ्यांनाही पुरते आपले नव्हेत. म्हणून त्यांची आठवण राखण्याचे काम बराच काळ कोणाचेच नव्हते. गो. मा. पवार यांनी लिहिलेल्या त्यांच्या बृहत् चरित्रास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो २००७ साली.