लोखंडी दाण्याची कुळकथा

विदर्भातल्या झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा, नदीपल्याड तेलंगण. त्याच राज्यात, हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. लोह वाढवलेल्या ज्वारी-बाजरीची कुळकथा तिथूनच सुरू होते. पण त्यातल्या बाजरीचा मूळ पुरुष पश्चिम आफ्रिकेतला.

टोगो देशातल्या गावरान बाजरीतून 1980च्या दशकात पाटणचेरूला 'आयसीटीपी 8203' हे वाण निवडलं गेलं. ते 1988मध्ये महाराष्ट्रात आलं. निवड झाली ती टपोऱ्या दाण्यासाठी आणि लवकर येणाऱ्या कणसासाठी. लोहाचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता! पुढे दाण्यातलं लोह मोजायला सुरुवात झाली, तेव्हा हेच वाण वरचढ निघालं. मग त्यातलीच जास्त लोहाची झाडं वेचत गेले आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीनं 2012मध्ये 'धनशक्ती' बाहेर पडलं. किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह. बाहेरून काही घातलेलं नाही. होतं तेच निवडलं. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना सहा महिने या वाणाच्या बाजरीची भाकरी आणि शेव देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या अंगातला लोहाचा साठा सुधारला.

पण झरीतली भाकरी ज्वारीची. तिच्यासाठी 2018मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटच्या साथीनं 'परभणी शक्ती' आणलं. साध्या ज्वारीत किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास लोह, हिच्यात 45. जस्त 20वरून 32वर गेलं. लोह शोषू न देणारं फायटेटही हिच्यात कमी, आणि मला तर आकड्यांपेक्षा हीच बाब मोलाची वाटते. पोटात गेलेलं अंगी लागलं नाही, तर त्याचा उपयोग काय?

रेशनच्या तांदळासाठी सरकारनं दुसरी वाट धरली: शंभर दाण्यांमागे एक कारखान्यातला लोहयुक्त दाणा मिसळायचा. सरकारला ते सोपं पडतं. परभणी शक्ती मात्र सरळ वाण आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, शेतकऱ्यानं ती एकदा पेरली, तर पुढच्या हंगामाचं बी घरच्याच कणसांतून ठेवता येतं; कपाशीसारखी दर मृगाला पाकिटं आणावी लागत नाहीत. अडचण वेगळीच. परतीच्या पावसात दाणा काळा पडतो, कणसावर पाखरं येतात, आणि रानडुकरांपायी रात्ररात्र जागल करावी लागते. विदर्भात ज्वारीचं रान कपाशी-सोयाबीनकडे गेलं, त्यात या त्रासाचाही वाटा आहे.